रोसाल्बाआत्या कॉफी करायला उठली

मानिसालेस, गुरुवार

प्रिय बाबा,

आधी हे वाच: रोसाल्बाआत्या मजेत आहे. काल गुडघा बदलायच्या ऑपरेशनआधी आमच्या भूलतज्ज्ञ मॅडमनी तिच्या मांडीतल्या नसेजवळ बधिर करायचं इंजेक्शन दिलं. सोनोग्राफीच्या स्क्रीनवर सुई थेट त्या नसेपाशी जाताना दिसते, काय भारी वाटतं! सकाळी आत्या म्हणाली, "दुखतंय कुठे? उगाच घाबरवलंत."

मग तिच्या शेजारणी भेटायला आल्या आणि ही उठली कॉफी करायला! हॉस्पिटलमध्ये! बधिर पाय लगेच दुमडला. मी जवळच होते, धरलं. ओरडले तर म्हणते, "मग काय, त्यांना तसंच पाठवू?" लागलं नाही तिला.

संध्याकाळी बधिरपणा उतरला. थोडं दुखलं, पण गोळी आधीच दिली होती. वॉकर धरून दारापर्यंत गेली आणि म्हणाली, "सांग तुझ्या भित्र्या बापाला, मळ्यातला चढ चढताना याहून जास्त दुखतं."

बाबा, दुखेल म्हणून तू दोनदा तुझ्या गुडघ्याचं ऑपरेशन टाळलंस. तुझी तारीख मी अजून रद्द केलेली नाही. आईचा खोकला कसा आहे? तिलाही घेऊन ये. सुई मॅडम धरतील, मी तुझा हात धरीन.

तुझीच,
एडिल्मा