टाकीत पाणी सोडण्याबाबत

राजमान्य व्याहीबुवा मोहनराव यांना शहादेवचा हात जोडून रामराम. आपली तब्येत बरी असेल, आमची लेक वत्सला आपल्या घरी सुखात असेल. विहीणबाई सुंदरबाईंचा गुडघा आता वाकतो का, ते कळवावे. माझा वाकतो, पण पुन्हा सरळ होत नाही. फोनच केला असता, पण आमचा फोन दिवसभर शाळेत असतो आणि घरी येतो तो चार्जिंग संपवून. शिवाय ही गोष्ट मोठ्याने बोलण्यासारखी नाही. गावाने ऐकली तर मला पायताणाने मारतील.

प्रथम आपले अभिनंदन. आपल्या पाणी सोसायटीची पाइपलाइन एवढ्या दुष्काळात आमच्या टेकडीपर्यंत आली आणि येत्या सोमवारी आपण स्वतः टाकीत पाणी सोडणार, हे कळताच गावात हलगी वाजली. मीही नाचलो (थोडा). मग घरी येऊन आडवा झालो, तेव्हापासून घास उतरत नाही. कारण व्याहीबुवा, आमच्या टाकीत शाळा भरते.

रागावू नका, कसे झाले ते सांगतो. बांधल्यापासून त्या टाकीने पाणी पाहिलेले नाही. आमच्या पंडित सरांनी स्वतःच्या पगारातून प्रोजेक्टर आणला (म्हणजे फोनमधले चित्र भिंतीवर मोठे करून पाडणारा डबा). पण शाळेच्या खिडक्यांना झडपा नाहीत, उन्हात भिंतीवर काही दिसेना. सर अंधार शोधत गावभर हिंडले. आम्हाला वाटले, माणूस चांगला होता, उन्हाने गेला. शेवटी त्यांना टाकी सापडली. आत गारवा, अंधार, टेकडीमुळे रेंज, शेजारी मोटारीसाठी आलेली लाइटसुद्धा. पाण्यावाचून काही कमी नाही. पाइप बसवायला खाली भगदाड ठेवले होते, त्यातून पोरे वाकून आत जातात.

मी शाळा समितीचा अध्यक्ष (गाव ऊसतोडीला गेले की अध्यक्ष व्हायला मीच उरतो), म्हणून तपासणीला गेलो. भगदाडात कमरेशी अडकलो. पोरांनी मागून मनापासून ढकलले, त्यामुळे आत पोहोचलो तो पालथा. सरांची पद्धत अशी, की ते पोरांना सिनेमा दाखवत नाहीत. साखर कारखान्याच्या तळावर ऊसतोडीला गेलेल्या आईबापांना जेवणाच्या सुट्टीत फोन लावतात आणि त्यांना भिंतीवर उभे करतात. मग पोरे विचारतात, आज किती मोळ्या बांधल्या, गाडीत किती टन भरले, आणि त्याचीच गणिते मांडतात. टाकी घुमते, त्यामुळे प्रत्येक उत्तर दोनदा ऐकू येते, चुकलेलेसुद्धा. मी सरांना विचारले, हा डबाच शिकवतो तर तुम्ही पगार कशाचा घेता? सर हसले. “डबा शिकवत न्हाई दादा. डबा नुसती गाठ घालून देतो.”

एवढ्यात भिंतीवर आमचा मुलगा भारत आला. भिंत गोल, म्हणून नाक एकीकडे अन् कान दुसरीकडे. शेजारी सूनबाई. एवढी मोठी सून मी आयुष्यात पाहिली नव्हती. मी रीतीप्रमाणे तिच्याकडे पाठ केली. तर तोंड नेमके सरांच्या फोनकडे झाले! म्हणजे इकडे माझी पाठ आणि तिकडे उसाच्या फडात तिच्या हातात माझेच तोंड. “मामा, बाजूला सरा की, लेकरू दिसंना!” ती ओरडली. लग्न होऊन आल्यापासून माझ्याशी एवढे लांबलचक ती प्रथमच बोलली.

मग नात शिवकन्या पुढे झाली आणि तिने न अडखळता धडा वाचला. भारतने तिला धाकट्या भावाला सांभाळायला तळावर न्यायचे ठरवले होते. त्याने हातातली भाकरी खाली ठेवली. मग म्हणाला, “रोज असं ऐकाय मिळनार असंल तर ऱ्हाऊ द्या तिला. बंद पडलं की मी येऊन घिऊन जातो.” सूनबाई डोळे पुसत होती. एवढ्या मोठ्या भिंतीवर रडणे लपत नाही.

तेव्हा सोमवारी टाकीत पाणी आले की शाळा बंद आणि पोर कारखान्यावर. सरांपुढे रडगाणे गायलो, तर म्हणाले, “पाणी पहिलं, दादा. अंधार हुडकू दुसरीकडं.” बोलायला काय जाते! अंधार काय बाजारात मिळतो?

असो. पत्र लिहिण्यात काही हेतू नाही, सहज कळवले. सोमवारी अवश्य यावे, पुरणपोळी करणार आहोत.

आपला
शहादेव

ता.क. हेतू आहे. पाणी सोमवारीच आणावे, पण टाकीत न सोडता पाइप सरळ गावच्या हौदात सोडावा. परीक्षा होईपर्यंतच. कोणी विचारले तर टाकी गळते म्हणावे.

आणखी ता.क. चूक दुरुस्त करावी म्हणून हे पत्र शिवकन्येकडून वाचून घेतले, ते आमच्या कुटुंबाने, केसरबाईने ऐकले. ती सकाळपासून टँकरच्या रांगेत उभी होती. ती मला काय म्हणाली ते सोयऱ्यांना लिहिता येत नाही. तरी वरची विनंती रद्द समजावी आणि टाकी काठोकाठ भरावी. बैल कारखान्यावर असल्याने आमचा गोठा रिकामा आहे. अंधारासाठी त्याच्या उघड्या बाजूंना घोंगड्या टांगून शाळा तिथे भरेल, असे हिनेच ठरवले. रेंज तेवढी छपरावरच येते, म्हणून खालच्या फोनला इंटरनेट पोचवायला सरांचा दुसरा फोन हातात धरून मी पत्र्यावर बसायचे आहे. पत्रा तापतो, व्याहीबुवा. तरी आपले वजन खर्चून गावाला आणखी एक टाकी मंजूर करून द्यावी. ठेकेदार मात्र मागचाच पाहावा. त्याच्या टाकीत पाणी यायची भीती नसते.