फळ्या मागच्या खोलीत बसतील

अहो,

आज सोमवारचं माझं मौन आहे, म्हणून लिहून ठेवते. मी महादेवाला गेले आहे. भाकरी दुरडीत झाकली आहे.

हैदराबादेहून आणलेल्या चीड लाकडाच्या रुंद फळ्या आसाराम सुतार आज बसवणार आहे, पण दिवाणखान्यात नाही. मागच्या खोलीत, जिथं आपली दैवशाला बाळंतपणाला राहणार. मीच त्याला काल तसं सांगितलं, तुम्ही अडवू नका. तुमच्या साहेबलोकांना सतरंजी लय झाली. त्या खोलीच्या भुईला आताच ओल सुटायलीय. गेल्या साली तिचं लेकरू तिथंच गारठून गेलं, ते तुम्हीही पाहिलंय.

फळ्या बाभळीच्या दांड्यांवर ठोकायच्या, म्हणजे खालून वारा खेळेल. रागवायचं असेल तर दिवे लागल्यावर रागवा. तेव्हा मी बोलेन, पण तोवर खिळे बसलेले असतील.

एक मात्र बघा. दारामागचा कोपरा मातीचाच सोडायला लावा, मी तो सारवून घेईन. पाचवी पुजायला सारवलेली भुई लागते, आणि या खेपेला आपल्याला पाचवी पुजायची आहे.

मनकर्णा