वर्षाच्या आतलं गाणं

एजवेअर,
२८ सप्टेंबर २०२४

ती. वरदावन्सं यांस,
सुनीतीचा सा. न. वि. वि.

तुम्हाला फोनवर नीट ऐकू येत नाही आणि व्हिडिओवर तुम्ही फक्त कपाळ दाखवता, म्हणून पत्र. इकडे सगळं ठीक. देविका दर रविवारी येते, आई काय खाते ते फ्रिज उघडून तपासते आणि जाताना माझीच भाजी डब्यात भरून नेते. लेक माझीच आहे, बोलायची सोय नाही. तुमच्या गुडघ्याच्या ऑपरेशनची तारीख मिळाली का?

आता मुद्दा. १६ नोव्हेंबरला, मंडळाच्या दिवाळी कार्यक्रमात, ईलिंगच्या हॉलमध्ये मी एक तास गाणार आहे. एलोदिया सेर्ना या मेक्सिकन गायिकेचं चरित्र सांगायचं आणि मध्येमध्ये तिची बोलेरो गायची, मी मराठीत केलेली. तुम्हाला आठवेल, वुल्वरहॅम्प्टनला हॉस्पिटलच्या क्वार्टर्समध्ये आमच्या शेजारी एक मेक्सिकन फिजिओथेरपिस्ट राहायची. तिच्या भिंतीतून यायचा तो आवाज एलोदियाचा. तुम्ही तेव्हा म्हणाला होतात, की ही बाई रडतेय की भांडतेय तेच कळत नाही. दोन्ही, वन्सं. बोलेरो म्हणजे गिटारवरचं संथ प्रेमगीत, पण एलोदिया गायची तेव्हा त्यात विनवणी कमी आणि जाब जास्त असायचा.

अंबरीशला जाऊन अजून वर्ष झालेलं नाही, हे मला माहीत आहे. मी परवानगी मागत नाही, आमंत्रण देते आहे. पहिल्या रांगेत तुमची खुर्ची ठेवते.

लोभ आहेच, राग आला तरी तो कमी करू नये, ही विनंती.

तुमची,
सुनीती


कार्डिफ,
५ ऑक्टोबर २०२४

चि. सुनीतीस,
वरदाचे अनेक आशीर्वाद.

गुडघा आहे तिथेच आहे, तारीखही नाही. तुझं पत्र दोनदा वाचलं. पहिल्यांदा वाटलं, चष्मा चुकीचा लावला.

वर्षाच्या आत आपण दाराला तोरण लावत नाही, आकाशकंदील टांगत नाही, आणि तू स्टेजवर उभी राहून प्रेमाची गाणी म्हणणार? तुझा नवरा गेला तसा माझा भाऊही गेला आहे. लोक काय म्हणतील हा प्रश्नच नाही, मीच म्हणते आहे. आमचे हे गेले तेव्हा वर्षभर मी पेटीवरचा रुमालसुद्धा उचलला नव्हता. मला कुणी बांधून घातलं नव्हतं, मी पाळलं.

मंडळ ज्यांनी उभं केलं त्यांतली मी एक आहे. मिलिंद अध्यक्ष झाला तो काल. त्याला मी कळवलं आहे, की सुनीतीचं नाव काढा. वर्षश्राद्ध होऊ दे, मग हवं तेवढं गा. एक वर्ष थांबायला काय होतं?

जेवत जा. देविकाला आशीर्वाद. माया आहे म्हणून लिहिलं, तसंच ते धरावं.

वरदा


एजवेअर,
१३ ऑक्टोबर २०२४

ती. वरदावन्सं यांस,
सा. न. वि. वि.

मिलिंदचा फोन आला. आवाजात इतकी साखर, की माझी शुगर वाढली असेल. कमिटीचं असं ठरलं, तसं ठरलं, भावना समजून घ्या. पोस्टरवर माझ्या नावावर कागदाची पट्टी चिकटवली आहे आणि माझ्या जागी मिमिक्री ठेवली आहे. म्हणजे अंबरीशच्या दुःखात हसायला हरकत नाही, गायला आहे.

मी आमच्या कोपऱ्यावरच्या चर्चचा हॉल घेतला, त्याच तारखेला. तिथल्या बाईंनी एवढंच विचारलं, की नंतर खुर्च्या जागेवर लावाल ना. माझा नवरा कधी गेला हे विचारलं नाही.

एक वर्ष थांबायला काय होतं, असं तुम्ही विचारलंत. एलोदिया वेराक्रूझ बंदरातल्या मासेवाल्याची मुलगी. रेडिओच्या स्पर्धेत आईच्या चपला घालून गायली आणि जिंकली. पुढे तिच्या रेकॉर्ड घरोघरी, सिनेमात गाणी, मोठमोठे हॉल भरलेले. साथीला गिटारवर नवरा, निकानोर. तो मोटार अपघातात गेला. वन्सं, त्यांच्याकडेही आपल्यासारखंच. काळे कपडे, पडदे ओढलेले, रेडिओ बंद. सासू म्हणाली वर्षभर घरात बस. रेकॉर्ड कंपनीही तेच म्हणाली, कारण घरात बसलेली विधवा लोकांना आवडते.

महिन्याच्या आत ती स्टेजवर आली, हिरवा झगा घालून. हिरवा! आपल्याकडचं तिला काहीएक माहीत नव्हतं, तरी नेमका तोच रंग. लोकांनी शिट्ट्या मारून तिला खाली उतरवलं. रेडिओने गाणी बंद केली. मग ती कित्येक वर्षं जत्रांत गायली, बसस्टँडवर गायली, आणि तिथून लोकांनीच तिला पुन्हा डोक्यावर घेतलं. म्हातारपणी कुणीतरी विचारलं, की थोडं थांबला का नाहीत. तिने सांगितलं, की काळा झगा घालून पाहिला होता, आणि तो इतका छान बसला की भीती वाटली.

अंबरीशला हे आवडलं असतं, असं म्हणून मी सुटका करून घेणार नाही. मला माहीत नाही. मी रोज रडते, भांडी घासतानासुद्धा रडते. गाताना तेवढी रडत नाही. तो तास मी कुणाला देणार नाही, तुम्हालाही नाही.

आणि एक विचारते, राग माना. तुम्ही वाजवायचात तेव्हा शेजारी खिडक्या उघडायचे. तुमचं वर्ष केव्हाच संपलं. पेटी उघडलीत का?

भांडते आहे, पण दूर लोटू नये.

सुनीती


कार्डिफ,
२७ ऑक्टोबर २०२४

चि. सुनीतीस,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र फाडणार होते. मग ठेवलं. मग चार दिवस तुझ्याशी मनातल्या मनात भांडले, आणि प्रत्येक वेळी तूच जिंकलीस, त्याचा आणखी राग आला.

नाही उघडली. वर्षश्राद्ध झालं, पंगत उठली, माणसं आपापल्या घरी गेली. मी वाट पाहत होते, की कुणीतरी म्हणेल, वरदा, आता वाजव. कुणीही म्हणालं नाही. थांब म्हणणारे घरभर होते. मग पेटी माळ्यावर गेली, पुढे कानही गेले आणि मला बरंच वाटलं, कारण आता कुणी विचारणारच नव्हतं. मी एवढं सोसलं आणि ही सरळ उठून गाते, असं मला वाटलं. खोटं कशाला सांगू.

शेजारचा राफाएल, तो ठाण्याचा, त्याच्याकडून पेटी खाली काढून घेतली. तो म्हणतो दोन सूर बसलेत. मला ते ऐकू आले नाहीत, तेव्हा माझी काही अडचण नाही. बोटांना अजून सगळं येतंय. मिलिंदला कळवलंय, की मिमिक्रीला मी येणार नाही, त्या संध्याकाळी मला एजवेअरच्या चर्चमध्ये काम आहे. त्याने दोनदा विचारलं, काय काम. म्हटलं, साथ करायची आहे.

पहिल्या रांगेतली खुर्ची काढून टाक. मला स्टेजवर लागेल, गुडघ्यामुळे जरा उंच. तू माझ्याकडे तोंड करून गा, ओठ दिसले की मला ठेका कळतो. हिरवी साडी माझ्याकडे एक आहे, ट्रंकेत. डांबराच्या गोळ्यांचा वास येईल, तो सहन करावा लागेल.

गाण्याची पट्टी उलट टपाली कळव. पूर्वी तुझी काळी चार होती, आता ती लागते की नाही देवाला ठाऊक.

माया होतीच, आता थोडी कामालाही लाव.

वरदा


एजवेअर,
३० ऑक्टोबर २०२४

ती. वन्सं,
सा. न. वि. वि.

पांढरी चार. कोच स्टेशनवर देविका येईल.

आता वाजवा.

सुनीती