राणीछाप रुपये धुवू नयेत

कानबाई मातेचे स्मरण करून मी, जमनाबाई छगन पाटील, वय ७३, शिक्षण जुनी मॅट्रिक, काम घरकाम, राहणार कोरीट, ता. जि. नंदुरबार, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहिते. माझे डोके ठिकाणावर आहे. मोतीबिंदू काढल्यापासून डोळेही चांगले आहेत. माझ्यावर कोणाचा दबाव नाही, आणि कोणी आणला असता तरी मी ऐकणाऱ्यातली नाही.

१. राहते घर माझ्या नावे आहे, ते मुलगा धीरज याला. पोस्टातील ठेव मुलगी रुपा हिला. माझ्या मागे बॅनर लावू नये. फोटो घरात आहे तोच चालेल.

२. शेजारच्या मीनाबाईने माझे पुरणाचे मांडे भाजायचे खापर नेले त्याला पंधरा वर्षे झाली. आता ती ते स्वतःचेच म्हणते. तिलाच राहू द्यावे. फक्त माझ्या उत्तरकार्याचे मांडे त्याच खापरावर, तिच्याच हातून व्हावेत.

३. घरात चांदीचे सत्तावीस कलदार, म्हणजे राणीछाप रुपये, आहेत. सहा सासऱ्यांचे, बाकीचे आमच्या ह्यांनी, म्हणजे मुलांच्या नानांनी, अक्कलकुव्याच्या बाजारातून एकेक करून आणलेले. प्रत्येक रुपया जुन्या कॅलेंडरच्या कागदात बांधलेला असून पुडीवर ह्यांच्या हातचा शेरा आहे. बाजारातून आले की चहाच्या आधी हे मला ओट्यावर बसवून नाणे दाखवत. ते शिकवले तसे लिहून ठेवते.

नाणे कडेने धरावे, छापावर बोट लावू नये. आधी राणीचा गाल आणि कानावरचे केस बघावेत, झीज तिथे पहिली दिसते. मग खिडकीशी तिरपे धरून हळू फिरवावे. न धुतलेल्या चांगल्या नाण्यावर उजेड गोल फिरतो. घासलेले स्टीलच्या ताटलीसारखे सगळीकडून सारखेच पांढरे दिसते. भिंगातून केसासारख्या बारीक रेघा दिसतात आणि काळपटपणा तेवढा अक्षरांच्या खाचेत राहिलेला असतो. तो काळपटपणा मळ समजून काढू नये. एकदा काढला की परत येत नाही, आणि किंमत निम्म्यावर येते.

कडेला डाग दिला असेल, म्हणजे कडी झाळल्याची खूण असेल, तर तो रुपया डोंगरातल्या एखाद्या बाईच्या हारातला. बाजारात त्याला कमी लेखतात. हे म्हणायचे, "पूजामा हाऊच पुढे ठेव. कोन्हा तरी गयामा व्हता."

४. सून हेमांगी हिची पहिली दिवाळी, सन २०१३. लक्ष्मीपूजनाच्या दुपारी तिने बारा रुपये चिंच आणि राखेने लखलखीत घासले. हळदीकुंकवाला आलेल्या बायकांसमोर मी ओरडले, "हाई काय करं तू? तुन्हा मायनी हाईच शिकाडं का?"

ती म्हणाली, "लक्ष्मीना शेतस ना, आई, म्हनीसन धुयात."

हे दारातून एवढेच म्हणाले, "जमना, पुरे."

त्या दिवसापासून हेमांगीने देव्हाऱ्याला हात लावलेला नाही. रोज फुले तोडून आणते, खालच्या पाटावर ठेवते आणि मागे फिरते. अकरा वर्षे मी हे बघते आहे.

५. हे सन २०२१ मध्ये गेले. त्यानंतर मी सगळ्या पुड्या सोडल्या. सासऱ्यांच्या सहापैकी दोन पुड्यांवर लिहिले होते: "धुतलेला. जमनाने. बोलू नये."

खरे आहे. लग्नानंतरच्या पहिल्या दिवाळीत मीही चिंचेनेच दोन रुपये घासले होते आणि गुपचूप परत ठेवले होते. ज्या माणसाला नुसत्या तिरप्या उजेडात सगळे कळे, त्याला हे कळलेच नाही, असे मी पन्नास वर्षे धरून चालले. ह्यांनी मला जे ऐकवले नाही, ते मी हेमांगीला चारचौघींत ऐकवले. पुडी वाचल्यावरही तीन वर्षे गप्प बसले. ही चूक माझी.

म्हणून सर्व सत्तावीस कलदार, ह्यांचे भिंग आणि देव्हारा सून हेमांगी हिला. धीरज व रुपा यांनी हक्क सांगू नये. तिने विकले तरी हरकत नाही. धुतलेले चौदा कोणते, ते मात्र घेणाऱ्याला सांगावे.

६. वरील कलमे माझ्या मरणानंतर वाचली जावीत हे मनाला पटेना. म्हणून आज सही करण्याआधी हेमांगीला समोर बसवून मीच मोठ्याने वाचली. ती पुड्या घेऊन खिडकीशी गेली आणि वाचले तसे एकेक नाणे फिरवून बघू लागली. सासऱ्यांच्या सहापैकी एकावर थांबली.

"आई, हाऊ बी धुयेल शे."

मी म्हटले, "पुडीवर नानासनी लिखेल शे, हात लागेल नही म्हनीसन."

"मंग नानासनीच धुया व्हई."

भिंग घेऊन बघितले. रेघा आहेत. आधी मला हसू आले, मग तिला. वकिलांनी खाडाखोड करू नका म्हटले आहे, तेव्हा वर चौदा लिहिले तिथे पंधरा वाचावे.

तो रुपया तिने पुडीत बांधला नाही. पदराने हात पुसले, देव्हाऱ्याचे दार उघडले आणि देवीपुढे ठेवला. मग मला विचारले, "कुंकू कोठे शे?"

जमनाबाई छगन पाटील (सही)

जमनाबाईंनी आमच्यादेखत सही केली आणि त्यांच्यादेखत आम्ही केली:
१. अमृत भिला पाटील (सही)
२. ममता नवनीत पाटील (सही)

मुक्काम कोरीट, दि. १४ नोव्हेंबर २०२४