गॅनेटमधल्या चार ओळी

ॲन्टिगोनिश, नोव्हा स्कोशिया
मंगळवार, ७ मार्च

प्रिय आयलीन,

गुडघा कसा आहे? इकडे बर्फ अजून हटत नाही. सहा वर्षांनी माझं पत्र पाहून दचकू नकोस, सगळे जिवंत आहेत.

आधी विचारते : डॅग्नीला तू काही सांगितलंस का?

डॅग्नी म्हणजे सॅस्काटूनची ग्रंथपाल. समुद्रपक्ष्याचं नाव दिलेल्या आपल्या ग्रंथालयांच्या सॉफ्टवेअरवर, गॅनेटवर, ती वर्षभर काम करते, आपल्यासारखीच फुकट. तिच्या मते गॅनेट फार फुगलंय. छोट्या ग्रंथालयाला नुसती पुस्तकांची यादी वेबवर दाखवायची असली तरी आपलं सगळं सामान उतरवून घ्यावं लागतं. उत्तरेकडच्या एका गावात त्यात अख्खी सकाळ जाते. तिला गाभा लहान ठेवून बाकीचे भाग सुटे करायचेत, ज्याला जो हवा तो त्याने घ्यावा. बाहेर काढायच्या यादीत पहिलं नाव ॲलिस्टरने लिहिलेल्या, कपाटाच्या खणांत लावायची पुस्तकसूचीची कार्डं छापायच्या भागाचं.

पहिलंच. मला लगेच तू आठवलीस.

त्याच्या दफनानंतर चर्चच्या तळघरात, हातात सॅन्डविच धरून तू म्हणालीस, "आता ती कार्डं काढायला हरकत नाही, नोरीन. छापतंय कोण?" तुझाच भाऊ, माझा नवरा, आणि कबरीची माती अजून ओली होती. सिस्टर पर्पेच्युआ आपल्याला शाळेच्या ग्रंथालयात कार्डं लावायला बसवायच्या आणि तो खिडकीतून वेडावून दाखवायचा, हे तू विसरलीस असं मला वाटलं. त्यानंतर मी तुझ्याशी बोलले नाही.

परवा पडद्यावरच्या बैठकीत डॅग्नी हसून म्हणाली, "पोटात अख्खं कपाट घेऊन हा पक्षी उडणार कसा?" मग तिने गाभ्यातल्या चार ओळी दाखवल्या. गॅनेट सुरू होताना त्या ओळी कार्डांचा भाग शोधतात; नाही सापडला तर सगळंच बंद पाडतात.

मी म्हटलं, "तुला हे दाखवलं कोणी?"

"दाखवायचं कोणी? ओळी काढून बघितल्या. काहीच अडलं नाही."

माझा विश्वास बसेना. त्या ओळी मी घातल्या होत्या, दफनानंतरच्या आठवड्यात, त्याचा भाग कुणाला काढता येऊ नये म्हणून. वर लिहिलं, 'मोठ्या ग्रंथालयांसाठी आवश्यक.' खोटं होतं. आपल्या नियमाप्रमाणे दुसऱ्याने तपासून मान्यता द्यायची. ती तू दिलीस. दहा मिनिटांत, एकही प्रश्न न विचारता. आणि महिन्याभरात गॅनेट सोडलंस. मला वाटत राहिलं, हे तू जपून ठेवलंयस, कधीतरी माझ्यावर काढायला.

काल डॅग्नीच्या नोंदी वाचल्या. नऊ दिवस ती एकेक भाग काढून बघत होती. यादी आकाराप्रमाणे आहे. त्याचा भाग सर्वांत मोठा, कारण मिळेल त्या छपाईयंत्राची मापं त्याने त्यात भरून ठेवली होती. तुझं नाव कुठेच नाही.

तिच्या यादीवर गुरुवार दुपारपर्यंत कुणाची हरकत आली नाही, तर संमती धरतात. हरकत घ्यायची तर कारण द्यावं लागतं. माझ्याकडे एकच कारण होतं, ते तिथे चालत नाही. गप्प बसले असते तरी सुटले असते. आज सकाळी सगळ्यांना दिसेल असं लिहिलं की त्या ओळी माझ्या, आणि त्यांची गरज कधीच नव्हती. काढायचा प्रस्तावही मीच टाकलाय. मान्यता द्यायला डॅग्नी तयार होती. मी तिच्याऐवजी तुझं नाव घातलं. मान्यता द्यायचा तुझा अधिकार मी कधी काढलाच नव्हता. पत्र पोचेपर्यंत ती थांबणार आहे.

या वेळी दहा मिनिटांत मान्यता देऊ नकोस, आयलीन. आधी मला फोन कर आणि विचार, का घातल्या होत्यास.

अजून तुझी वहिनी असेन तर तीच,
नोरीन