आमचं जुनं बटण परत द्या

३ मार्च, सोमवार

…आणि विचारलं कुणाला? कुण्णाला नाही! काल झोपताना साइट धडधाकट होती. आज चहा गाळून फोन उघडला तर सगळं पांढरंफटक, दवाखान्यात शिरल्यासारखं. अक्षरं मुंगीएवढी. नावापुढचा माझा कात्रीचा फोटो गोल कापून टाकला, त्यात मूठच उडाली. कात्रीची मूठ कापतं का कुणी?

साइटवाल्याने वर पाटी लावलीय. नवं सॉफ्टवेअर आलं, वेग वाढेल, तुमची जुनी सेटिंग्ज मात्र पुसली गेली, क्षमस्व. मी कधी काही सेट केलंच नाही, माझं काय पुसणार? पण सांगायची पद्धत असते की नाही! बारा वर्षं आहे मी या शिवणाच्या साइटवर. गळा कसा बसवायचा, बाहीचा मुंढा का ताणतो, कुणी काही विचारो, पहिलं उत्तर माझं. शेवटी लिहिते, "विषय संपला." आणि संपतो. पुढे कुणी चकार शब्द काढत नाही. घरात माझं वाक्य पुरं होईपर्यंत हे अंघोळीला निघून जातात. तिथे मात्र माझं ऐकतात. तेवढी एकच जागा आहे.

ठरवलं. साइटवाल्याला सरळ करायचं.

४ मार्च, दुपारी

साइटवर नुसता गोंधळ. एकीचे डोळे दुखतायत. एकाला फोटो उलटे दिसतायत, तो म्हणतो मी काय डोक्यावर उभं राहून पँट शिवू? एक नवशिकी म्हणाली, मला तर आवडलं बाई नवं. तिला सगळ्यांनी असं धुतलं की पुन्हा फिरकली नाही. दोघं-तिघं चिडून वेगळी साइट काढायला निघाले, पण तिचं नाव काय ठेवायचं यावरून त्यांचंच फाटलं.

आणि गंमत म्हणजे सगळ्यांना एकदम माझी आठवण झालीय! अस्तरवाला म्हणून एक आहे, कोट शिवतो, फार शहाणा, मागे कॉलरवरून माझ्याशी भांडला होता. त्याने लिहिलं, तुम्ही अजून आहात? अजून म्हणजे? रोज आहे. बिचाऱ्याचं वय झालं. दुसरी एक म्हणाली, ताई, किती वर्षांनी दिसलात. म्हटलं, चष्मा बदल. तिने कपाळावर हात मारलेलं चित्र पाठवलं. सलाम केला असावा.

६ मार्च

निळ्या सुईचा मेसेज आला!! निळी सुई ही माझी साइटवरची मैत्रीण. खरं नाव तिने सांगितलेलं नाही, पण सख्ख्या बहिणीहून जवळची. तिला चेन बसवायला मी शिकवलं, मेसेजवरून, उसवायला लावून लावून, ती रडेपर्यंत. तेव्हापासून तिला रोज लिहिते. माझा गुडघा, गिऱ्हाईकं, यांचा स्वभाव. ती उत्तर देत नाही फारसं. अबोल आहे. आज मात्र आपणहून लिहिलं, बापरे, एवढे मेसेज एकदम कुठून आले? म्हणजे बघा, जुन्या सॉफ्टवेअरने सगळे दाबून ठेवले होते! नव्याने तेवढं एक बरं केलं. लगेच गुडघ्याचं सविस्तर कळवलं.

८ मार्च

अस्तरवाल्याने निवेदन टाकलं. वर ठळक अक्षरात "आमचं जुनं बटण परत द्या." खाली ही लांबण! एवढं कोण वाचतं? मी तिथे उत्तरं द्यायला जाते, वाचायला नाही. अक्षरं मोठी करायचं बटण असणार, दुसरं कुठलं?

खाली ठणकावून लिहिलं, बटण मिळालंच पाहिजे. ते ज्याने काढलं त्याला माणसांची पारख नाही. या कामात मी पुढे राहीन, तुम्ही फक्त मागे उभे राहा. हसऱ्या तोंडांचा नुसता पाऊस पडला. दमलेल्या लोकांना पुढारी मिळाला की असा आनंद होतो.

निळ्या सुईनेही सही केली. अगदी सुरुवातीलाच, माझ्याही आधी. म्हटलं, शाब्बास पोरी.

१० मार्च, सकाळी

आजपासून नियम. बटण आधी, शिवण नंतर. प्रत्येक प्रश्नाखाली हेच लिहिते. एका पोरीने विचारलं, झग्याचं अस्तर खालून डोकावतंय, काय करू? लिहिलं, बटण आधी. म्हणाली, अहो ताई, झगा उद्या द्यायचाय. लिहिलं, बटण आधी. त्याच्याखाली अस्तरवाला म्हणतो, बघितलंत ना मंडळी? यासाठीच बटण हवं. माणूस भांडखोर खरा, पण आता माझ्या बाजूने बोलायला लागलाय.

संध्याकाळी

हे म्हणाले, इतकी भांडतेस ते बटण आहे तरी कसलं? म्हटलं, तुम्हाला नाही कळायचं. म्हणाले, तुला कळलंय ना, मग झालं. खवचट मेला.

१२ मार्च, सकाळी

शाळामास्तरांच्या कोटाच्या दोन्ही बाह्या डाव्याच कापल्या. सॉफ्टवेअरमुळे. कापताना एक डोळा फोनवर ठेवावा लागतो. मास्तर घालून बघायला आले, म्हणाले, बाई, उजव्या हाताचं काय करू? म्हटलं, आत्ता खिशात ठेवा, बघू नंतर. कापड उरलेलं नाही.

आता शेवटचा उपाय. साइटवर जाहीर केलं, बटण येईपर्यंत मी इथे एक अक्षर लिहिणार नाही. अंगठेच अंगठे! एवढे अंगठे मला आयुष्यात मिळाले नव्हते. "जाऊ नका" कुणी म्हटलं नाही. गळा दाटला की माणसाला बोलता येत नाही. एकाने फुलांचा गुच्छ पाठवला.

दुपारी

लिहिणार नाही म्हटलं होतं, बघणार नाही असं नव्हे. एकजण रेशमावर कडक गरम इस्त्री फिरवायला निघाला होता. रेशमाचा जीव वाचावा म्हणून चार ओळी लिहिल्या. मग अनुभव म्हणून आणखी आठ. ते लिहिण्यात धरायचं नाही.

१५ मार्च, शनिवार

जिंकलो! साइटवाला नमला. लोकांच्या आग्रहामुळे जुनं बटण परत देत आहोत, अशी पाटी लागली. मी भलं मोठं आभाराचं भाषण लिहिलं. अस्तरवाल्यालाही मोठ्या मनाने माफ केलं. निळ्या सुईला वेगळा मेसेज केला, हे आपल्या दोघींचं यश आहे गं.

अक्षरं अजून मुंगीएवढीच आहेत. होतील हळूहळू.

संध्याकाळी

अजून कुणाचं उत्तर नाही. आनंदात असतील.

१७ मार्च

कुणाचंच काही नाही. ना अंगठा, ना हसरं तोंड. एकाने सुईबद्दल विचारलं होतं, मी मुद्दाम चुकीचं लिहिलं, की सुईला भोक नसलं तरी चालतं. एकानेही टोकलं नाही! ज्या साइटवर दोऱ्याच्या रंगावरून लोक आठवडाभर भांडतात, तिथे!

मुलीला म्हटलं, फोन बिघडलाय, बघ जरा. तिने अस्तरवाल्याची लांबण काढली आणि पहिल्यापासून वाचली. आधी फिसकन हसली. मग हसू गिळलं. म्हणाली, आई, जाऊ दे ना. म्हटलं, मोठ्याने वाच.

बटणाचं नाव "हा सदस्य लपवा." ते दाबलं की त्या माणसाचं लिहिलेलं आपल्याला दिसत नाही, त्याचे मेसेजही येत नाहीत. कुणी कुणाला लपवलंय ते नव्या सॉफ्टवेअरने पुसून टाकलं, म्हणून लपवलेली माणसं सगळ्यांना पुन्हा दिसायला लागली. निवेदनात नाव कुणाचंच नव्हतं. "प्रत्येक प्रश्नाखाली येऊन ‘विषय संपला’ लिहिणारे काही सदस्य" एवढंच होतं. म्हटलं, असे बरेच असतील. मुलगी उठली. उगीचच माझ्यासाठी चहा ठेवायला गेली.

१८ मार्च, मंगळवार

अस्तरवाल्याचं मला काही नाही, तो परका. बाकीचे गेले खड्ड्यात. त्यांच्यावाचून माझं मशीन थांबत नाही. मास्तरांसाठी तसंच कापड शोधायचंय, कामं पडलीत.

पण निळ्या सुईने सही केली होती. माझ्या आधी. दुसऱ्या कुणासाठी केली असेल. नक्की दुसऱ्या कुणासाठी. तरी विचारलेलं बरं, म्हणून आत्ताच तिला मेसेज टाकला. मुलगी म्हणते, आई, तिनेही बटण दाबलं असेल तर हा मेसेज तिला दिसणारच नाही. तिला काय कळतंय, कालची पोर. काय लिहिलं ते इथेही उतरवून ठेवते.

"सरळ विचारते, सरळ सांग. इतकी वर्षं तू मला लपवलं होतंस का? आणि आता बटण परत आल्यावर पुन्हा लपवलंस का? गुडघ्याचं ऐकायचं नव्हतं तर तसं म्हणायचं होतंस, मी दुसरं काहीतरी लिहिलं असतं. शुक्रवारी संध्याकाळपर्यंत उत्तर दे. हो का नाही, एवढंच."