दुखल्याशिवाय गुण येत नाही म्हणे

बाबा, तुमचा उजवा हात छातीच्या वर पुन्हा कधी गेला नाही, याचा मला अजून राग येतो. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली. मी आता तुमच्यापेक्षा वयानं मोठी झाले, चार माणसांत शांत बाई म्हणून ओळखली जाते. पण कुणी "जोरात दाबा हो, दुखलं तरी चालेल" म्हणालं की तळपायाची आग मस्तकाला जाते. पस्तीस वर्षं मी दवाखान्यात दुखऱ्या माणसांना मालिश केली, व्यायाम शिकवला. किती पाठी, किती माना, किती गुडघे या बोटांखालून गेले. त्यात तुमचा खांदा नाही.

छप्पन साली नवं राज्य झालं तेव्हाची ती वर्षं. तुमची कचेरी तीच, बसायची जागा तीच, पण राजधानी नागपूरची भोपाळला गेली आणि वेगवेगळ्या राज्यांतले नोकरदार एका यादीत बसवायचे ठरले. कोण वर जाणार, कोण खाली, कुणालाच ठाऊक नव्हतं. शेजारचे मास्तर आणि तुम्ही ओसरीवर बसून रोज तेच बोलायचात. ग्वाल्हेरकडचे लोक आपल्या डोक्यावर बसणार, आपल्याला कुठं रीवा-सतन्याला फेकणार, असं काय काय. तुम्ही नकलनवीस. जुन्या दप्तरातला कागद शोधायचा आणि त्याची हातानं नक्कल करून द्यायची, हे तुमचं काम. दप्तराचे बस्ते, कापडात बांधलेले ते जड गठ्ठे, उंच मांडणीवर असायचे. नेमका त्याच सुमारास तुमचा खांदा दुखायला लागला. आधी सदऱ्याची बाही चढवताना, मग अंगावर तांब्या घेताना. पुढं पुढं आई तुमच्या केसांना तेल लावून भांग पाडून द्यायची आणि तुम्ही दाराकडं बघत बसायचात, कुणी येत तर नाही ना म्हणून. ती म्हणायची, "अवो, साहेबाले सांगा ना, दोन महिने बस्ते काढाले दुसरा माणूस द्या म्हणा." आणि तुम्ही, "सांगू? आणि यादीत माझ्या नावापुढं काय लिहितील, हात लुळा?"

डॉक्टरकडं एकदा गेलात. तो म्हणाला, "बाबूजी, उमर का तकाज़ा है." तुम्ही तेव्हा बेचाळिशीत होता! बेचाळिशीत कसली उमर आणि कसला तकाजा? मला आज त्या डॉक्टरला समोर बसवून विचारावंसं वाटतं. त्यानं तुमचा हात धरूनही पाहिला नव्हता. खांदा आखडतो, आधी महिनोन् महिने ठणकतो, मग घट्ट होतो आणि पुढं वर्ष-दोन वर्षांत बहुतेकांचा हळूहळू सुटतो. या दुखण्यात घाई हाच शत्रू. एवढं कुणी तुम्हाला सांगितलं असतं तर? पण तुम्हाला हात आठ दिवसांत हवा होता. भोपाळहून कुणी बडा साहेब तपासणीला येणार होता आणि त्याच्यासमोर तुम्हाला वरच्या फळीवरचा बस्ता काढून दाखवायचा होता.

म्हणून मग तो आपल्याच गावातल्या लालबागचा पहिलवान. रविवार आहे, सकाळ आहे. अंगणात चटई टाकलेली आहे, आईनं वाटीत तिळाचं तेल कोमट करून दिलंय. तुम्ही उघडे बसलायत. मास्तर खुर्ची टाकून तमाशा बघायला आल्यासारखे बसलेत. मी अकरा वर्षांची, स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात. पहिलवान आधी चोळतो तेव्हा बरं वाटत असावं, कारण तुम्ही डोळे मिटता. तेवढ्यावर थांबला असता तर! तो माणूस वाईट नव्हता. आखाड्यातल्या थकलेल्या अंगांची त्याला सवय, दुखणाऱ्या अंगाची नव्हती. तो तुमच्या बगलेत गुडघा देतो, मनगट धरतो आणि म्हणतो, "बाबूजी, दर्द बाहर निकलेगा, तब आराम आएगा." हात वर ओढतो. तुम्ही पंच्याचा बोळा दातात धरता. तुमची मान लाल होते, मग चेहरा पांढरा पडतो. मी ओरडते, "सोडा! त्यांना दुखतंय!" पहिलवान खरंच थांबतो. थांबला होता तो, बाबा, मी पाहिलंय. आणि तुम्ही तोंडातला पंचा काढून मला म्हणालात, "गप्प बस! मोठ्यांच्या मधी बोलायचं काम नाही. दुखल्याशिवाय गुण येतो काय? चल, आत हो." मग त्याला म्हणालात, "हां, खींचो."

आत चुलीपाशी मला तो आवाज ऐकू आला. ओली काटकी मोडते तसा. बाहेर पहिलवान म्हणाला, "लो, गांठ खुल गई," आणि मास्तर म्हणाले, "वा!" आईनं माझ्याकडं पाहिलं आणि कणकेचा हात तसाच ठेवून बाहेर धावली. तिसऱ्या दिवशी तुमचा दंड कोपरापर्यंत काळानिळा झाला होता. हात गळ्यात बांधून तुम्ही कचेरीत गेलात आणि विचारणाऱ्याला सांगितलंत, पायरीवरून पडलो. पुढं सूज उतरली, रंग गेला, पण हात वर गेला नाही तो नाहीच. इच्छापूरच्या देवीला आपण नेहमी जायचो. तिथली घंटा उंच. उजवा हात पोचेना आणि डावा लावायचा नाही, म्हणून तुम्ही घंटेखाली क्षणभर उभं राहून तसेच आत जायचात. दोन वर्षांनी पायऱ्या चढायचंच बंद केलंत, म्हणालात गुडघे दुखतात. तुमचे गुडघे चांगले होते, बाबा.

आणि ती यादी! ती लागली तेव्हा कळलं की नोकरीत कोण कधी लागलं, त्या तारखेवरून ती लावलीय. खांद्याचा तिच्याशी काडीचा संबंध नव्हता. तपासणीला आलेल्या साहेबानं दप्तराच्या खोलीत डोकावूनसुद्धा पाहिलं नाही, चहा घेतला आणि खंडव्याला निघून गेला. हे तुम्हीच जेवताना सांगितलंत, डाव्या हातानं उजवं कोपर उचलून घास तोंडाशी नेत. हसत सांगितलंत. मला तेव्हा ते हसणं कळलं नाही. आता कळतं आणि माझा संताप होतो. तुमच्या अंगाचा मालक कोण होता? ज्यांनी तुम्हाला कधी पाहिलंही नाही, त्यांच्या भीतीपायी तुम्ही स्वतःचा हात मोडून घेतलात, आणि ज्या एका जिवानं सोडा म्हटलं त्याला आत हाकललंत.

पुढं मी इंदूरला मामाकडं राहून हे काम शिकायचं म्हटलं, तेव्हा तुम्ही ताट सारून उठलात. "लोकांचे हातपाय चेपायला पाठवू काय पोरीला? मास्तरीण हो, कचेरीत लाग, हे कसलं काम?" फॉर्मवर आईनं सही केली. खंडव्याला गाडी बदलून मी एकटी गेले. तुम्ही स्टेशनवर आला नाहीत. तिथं पहिल्याच आठवड्यात आमच्या बाईंनी सांगितलं, हात लावायच्या आधी विचारा. कुठं दुखतं, केव्हापासून, ताप आहे का, सूज आहे का, पडलात का. ताज्या मुरगळीवर चोळायचं नाही. एकाच पायाची पोटरी सुजून गरम झाली असेल तर बोटही लावायचं नाही, सरळ डॉक्टर. आणि माणसाचा चेहरा बघत काम करायचं, तो कळवळला की तुमचं चुकलं. मी वहीत लिहून घेत होते आणि पेन्सिलीचं टोक मोडेल इतका जोर देत होते. इतकं साधं! हे आपल्या अंगणात त्या दिवशी एकाही मोठ्या माणसाला ठाऊक नव्हतं, ठाऊक होतं ते उंबऱ्यातल्या पोरीला.

अजून तेच चाललंय. मागच्या महिन्यात जसोंडीची एक बाई आली. केळीचे घड वाहून वाहून मान धरलेली. म्हणते, "बाई, अच्छा दबाके करो, जीव गेला तरी चालंल, कल वापस खेतावर जायचंय." मी हात मागं घेतला. म्हटलं, "जीव जाऊ द्यायचा असेल तर दुसरीकडं जा. इथं दुखलं की सांगायचं." ती हसली, मग हळूच रडायला लागली. एवढ्या वर्षांत तिला कुणी म्हटलंच नव्हतं तसं. मी शेक दिला, हलक्या हातानं चोळलं, मान कशी वळवायची ते दाखवलं. तिला स्पष्ट सांगितलं की मालिशीनं दोन दिवस हलकं वाटेल, पण वजन कमी केलं नाहीस आणि व्यायाम केला नाहीस तर पुन्हा धरेल. मालिश एवढंच करते, बाबा. दुखणं थोडं बाजूला सरकवते, म्हणजे माणसाला हलता येतं. जादू नाही. पण तेवढंही तुमच्या वाट्याला आलं नाही.

हे सगळं मी तुमच्यावर रागावून लिहिलं आणि राग खरा आहे. पण एक गोष्ट मी आईलाही कधी सांगितली नाही. इंदूरहून पहिल्या दिवाळीला घरी आले होते तेव्हाची. आई शेजारी फराळ द्यायला गेली होती. मी शंकरपाळे तळत होते. तुम्ही स्वयंपाकघराच्या दारात आलात, पाणी प्यायलात, पेला जागेवर ठेवलात आणि तरी गेला नाहीत. मग भिंतीकडं बघत विचारलंत, "तुमच्याकडं... अशा जुन्या खांद्याला काय करतात?"

तुम्ही मला कामाबद्दल विचारलेलं ते पहिलं आणि शेवटचं. त्याच महिन्यात आम्हाला खांदा शिकवला होता. तुमचा हात पूर्ण वर गेला नसता, इतक्या वर्षांनी नसताच गेला. पण सदरा स्वतः घालता आला असता, त्या कुशीवर झोपता आलं असतं. मी झारा कढईतून काढला नाही, मान वर केली नाही. म्हटलं, "मला ठाऊक नाही."

तुम्ही "बरं" म्हणालात आणि बाहेर गेलात.

मला ठाऊक होतं, बाबा.